वजनदार मैत्री

कोल्हापूरजवळच्या आमच्या गडमुडशिंगीत ओळख काढायची वाट ठरलेली आहे. आधी गाव, मग आडनाव, मग भावकी. तेवढ्यानं भागलं नाही तर आजोळ. या वाटेनं गेलं की जिल्ह्यातला कुठलाही माणूस चहा निवायच्या आत कुणाचा तरी पाहुणा निघतोच. आणि एकदा पाहुणा निघाला, की त्याचा स्वभाव तपासायची गरज उरत नाही.

कडे चढणाऱ्यांची तऱ्हा निराळी. चढाईसाठी बदामीला निघालेल्या गाडीत शेजारी बसलेल्या बाईंनी नाव सांगायच्या आधी विचारलं, "वजन किती तुमचं?" मी पोट आत ओढून आकडा सांगितला. त्या निपाणीला बँकेत कॅशियर. माझ्याकडं एकवार बघून त्यांनी मनातल्या मनात आकड्यात दुरुस्ती केली, हे मला स्पष्ट दिसलं.

प्रश्न आगाऊ वाटला तरी कामाचा होता. चढणारा कमरेला दोर बांधून निघतो आणि वाटेतल्या बोल्टांमध्ये तो अडकवत जातो. खालचा माणूस आपल्या हार्नेसला लावलेल्या साधनातून दोर सोडतो, वेळ आली की आवळून धरतो. याला बिले देणं म्हणतात. शेवटच्या बोल्टच्या एक मीटर वर असताना हात सुटला, तर निदान दोन मीटर खाली यायचं. दोर ताणला जातो ते वेगळंच. त्यात वरचा जड आणि खालचा हलका असेल, तर खालचाच जमिनीवरून उचलला जातो. म्हणून जोडी लावताना वजन बघायचं. कोल्हापूरकराला वजनाची चौकशी नवी नाही. फरक एवढाच, की खासबागेच्या कुस्ती मैदानात ती समोरच्याला पाडण्यासाठी असते. इथं पडणाऱ्याला धरण्यासाठी.

आता आपल्याकडं कडे काय कमी आहेत? लिंगाणा आहे, जीवधनची वानरलिंगी आहे, खंडाळ्याची नागफणी आहे. पन्हाळा तर आमच्या दाराशीच. 1673 साली कोंडाजी फर्जंदांनी 60 मावळ्यांनिशी तो रातोरात घेतला. त्यांना कुणी वजन विचारलं असेल असं वाटत नाही. पण सह्याद्रीचा बेसाल्ट लाव्हाच्या थरांचा, जागोजाग फुटलेला. धरलेला दगड जागेवर राहील की हातात येईल, याचा भरवसा नाही. बदामीचा तांबडा वालुकाश्म त्या मानानं घट्ट, आडव्या थरांचा, बोटांना कंगोरे देणारा. पावसानं भिजला की मात्र तो कच्चा होतो, म्हणून चढाईचा हंगाम दिवाळीनंतर.

घरी हे सगळं सांगून उपयोग नव्हता. बदामी म्हटलं की आमच्याकडं बनशंकरी. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांची ती कुलस्वामिनी. आत्ती म्हणाल्या, "देवीला जायाचं तर दोरी कशाला? आन् डोंगरावर चढायला पायऱ्या हायत की रं!" त्यांचंही खरंच होतं. चालुक्य राजा कीर्तिवर्म्याच्या काळातला, त्याचा भाऊ मंगलेशाचा 578 चा शिलालेख जिथं आहे, त्या तिसऱ्या लेण्यापर्यंत व्यवस्थित पायऱ्या आहेत. पायऱ्यांची सोय असलेल्या गावात जाऊन भिंतीला चिकटणारी माणसं शहाणी कशी म्हणायची?

माझी पाळी आली तेव्हा बिले द्यायला कॅशियरबाई उभ्या राहिल्या. त्यांनी माझी आठाची गाठ तपासली, मी त्यांचं कॅराबिनर बंद आहे का ते पाहिलं. पहिल्या बोल्टपाशीच त्यांचं 'तुम्ही' गळून पडलं. "उजवा पाय गुडघ्याएवढा वर घे. तिथं फळी आहे."

"दिसत नाही!"

"दिसू दे नाहीतर न दिसू दे, ठेव तू पाय."

ठेवला. फळी होती.

खाली उतरल्यावर आमच्यातल्या एका पुण्याच्या पोरानं खरी बातमी दिली. मी वर लटपटत असताना एका माकडानं बाईंची पिशवी त्यांच्या डोळ्यांदेखत उघडली होती. आधी केळी गेली, मग भडंगाचं पाकीट फुटलं, शेवटी चष्म्याचं घर गेलं. बाई तोंडानं त्याला कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत शिव्या देत होत्या. पण दोरावरचा हात बोटभर हलला नव्हता. भावकीतलं कोण माझ्यासाठी एवढं भडंग सोडेल, याचा मी विचार करून बघितला आणि तो तिथंच थांबवला.

संध्याकाळी बनशंकरीच्या पुष्करणीपाशी टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांकडून कडक भाकरी, वांग्याची भाजी आणि दही घेतलं. सोललेल्या बोटांना चटणी झोंबत होती. भाकरी मोडताना कुणीच कुणाचं आडनाव विचारलं नाही.

ते निघालं परतताना, संकेश्वरच्या अलीकडं. बाईंच्या चुलत जावेचं माहेर वळिवडे, म्हणजे आमच्या शेजारचंच. पाचच मिनिटांत आम्ही रीतसर पाहुणे झालो. आता लग्नाच्या पत्रिका येतील, मानपानही होईल. पण नात्याचा जोर पत्रिकेपेक्षा बाईंच्या मेसेजमध्ये जास्त आहे. यंदा भाऊबीज उलटली आणि आलाच: "फराळ किती हाणलास? खरं सांग, धरायचं मला आहे."