गणपूर्तीचे शास्त्र

विटा नगरपरिषद ज्या 1965 च्या अधिनियमानुसार चालते, त्यात गणपूर्तीला, म्हणजे सभा वैध ठरण्यासाठी लागणाऱ्या किमान सदस्यसंख्येला, मोठा मान आहे. ती न झाल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेत मात्र तेच विषय गणपूर्तीविनाही निकाली निघतात, म्हणजे गैरहजेरीला फक्त थोडा धीर धरावा लागतो. 2021 च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालील लोकसंख्येच्या शहरांत देशात पहिले आलेल्या या गावात पुढे निवडणूक लांबली आणि राज्यातील अनेक नगरपरिषदांप्रमाणे येथेही प्रशासक आले. विषय एकानेच मांडायचा, त्यानेच संमत करायचा, अशा या व्यवस्थेत गणपूर्तीअभावी सभा तहकूब होण्याचा धोका (सुदैवाने म्हणावे काय?) समूळ टळला.