शिरपूर लांब, टस्कनी जवळ

वाशीमहून शिरपूर लांब आहे आणि टस्कनी जवळ. भूगोलाच्या पुस्तकात हे लिहिलेलं नसेल, पण आमच्या कॉलनीतल्या कुठल्याही दिवाणखान्यात चौकशी करून पाहा. शिरपूरला निघायचं म्हटलं की ऊन असतं, रस्त्याचं काम चालू असतं, कुणाचं तरी साक्षगंध असतं, नाहीतर गाडीचा क्लच गेलेला असतो. टस्कनीला जाताना यातलं काहीच आड येत नाही. पासपोर्ट, व्हिसा आणि एक एफडी मोडायची तयारी असली की झालं.

आमचे शेजारी भाऊसाहेब आणि वहिनी नुकतेच तिकडे जाऊन आले. युरोपच्या सहलीत एक शनिवार-रविवार इटलीच्या खेड्यापाड्यांसाठी राखलेला होता. त्या दोन दिवसांचे फोटो पाहायला सगळ्या कॉलनीला आळीपाळीने बोलावणं येतं. चहा मिळतो, पण पहिल्या दोनशे फोटोंनंतर. "हे डोंगर. हे पण डोंगर. हे डोंगरावर झाड. अन् हे झाडाखाली मी." वहिनी प्रत्येक फोटोत आहेत, डोंगराने उरलेल्या जागेत भागवलं आहे.

एका फोटोपाशी भाऊसाहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. दोन्ही बाजूंना सरूची उंच झाडं, मधून वळत जाणारा पांढुरका मातीचा रस्ता, टोकाला दगडी घर. "काय रस्ता आहे पाह्य भौ! डांबराचा थेंब नाही. गाडी गेली की धूळ उडते अन् हळूहळू खाली बसते. लय शांत वाटते मनाले."

मी फोटो पुन्हा नीट पाहिला. अरे बापा, ही तर पांदण!

इटालियन लोक अशा रस्त्यांना पांढरे रस्ते म्हणतात आणि त्यांच्यावर डांबर पडू नये म्हणून झटतात. १९९७ साली कियांती भागातल्या गायोले गावातून काही सायकलवेड्यांनी जुन्या सायकलींची फेरी सुरू केली, ती हे कच्चे रस्ते वाचवायलाच. २००७ पासून त्याच धुळीतून व्यावसायिक सायकलपटूंची शर्यतही होते. जगभरातून माणसं येतात, पैसे भरतात, तोंडात माती घेऊन घरी जातात आणि जन्माचं सार्थक झालं म्हणतात.

आमच्याकडे ही सोय फुकट आहे. भाऊसाहेबांच्याच वावराकडे जाणारी पांदण घ्या. दोन्ही बाजूंच्या धुरेकऱ्यांनी दर पेरणीला एकेक तास आत सरकवत ती इतकी बारीक केली आहे, की बैलगाडी गेली तर एक चाक सोयाबीनमध्ये जातं आणि दुसरं तहसीलमध्ये. मग मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली अर्ज. मग स्थळपाहणी, मग पंचनामा. पंचनाम्याला यायचं तर साहेबांची गाडी पांदणीतून जात नाही, म्हणून तारीख पुढे. २०२१ साली सरकारने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. एवढ्या लांब नावाच्या मानाने काही गावांत रस्ता जरा आखूडच निघाला. या वावरात भाऊसाहेबांनी शेवटचं पाऊल कधी टाकलं हे त्यांच्या बटईदाराला विचारावं लागेल. चिखलाने बूट खराब होतात, असं त्यांचं म्हणणं. टस्कनीच्या धुळीने खराब झालेले बूट मात्र त्यांनी अजून पुसू दिलेले नाहीत.

बटईदाराचं नाव निघालंच आहे, तर त्या फोटोतल्या दगडी घराबद्दलही सांगायला हवं. रात्रीचं भाडं दीडशे युरो. हमीभावाने धरलं तर जवळजवळ तीन क्विंटल सोयाबीन. बाजारात प्रत्यक्षात जो भाव मिळतो त्याने धरलं असतं, तर भाऊसाहेबांना खोली मिळून वहिनींना ओसरीवर झोपावं लागलं असतं. जाड भिंती, लाकडी आढं, फरशीला भेगा, वायफायची रेंज खिडकीत उभं राहिल्यावर. "असं घर पाह्यलंच नव्हतं," वहिनी म्हणाल्या. वहिनींचं माहेर मानोऱ्याकडचं. असल्याच घरात त्या वाढल्या, आणि ते पाडून स्लॅब टाका म्हणून त्यांनीच भावाच्या मागे लकडा लावला होता.

टस्कनीतली अशी बरीचशी घरं बटईने करणाऱ्या शेतकऱ्यांची. जमीन मालकाची, घाम कुळाचा, पीक अर्धं अर्धं, असा तिकडचा शेकडो वर्षांचा रिवाज. दुसऱ्या महायुद्धानंतर पोरांनी नांगर टाकला आणि फ्लोरेन्स-प्रातोच्या कारखान्यांची वाट धरली. १९६४ साली कायद्याने बटईचे नवे करारच बंद केले. डोंगरचे डोंगर रिकामे झाले, छपरं बसली. मग इंग्रज, जर्मन आणि अमेरिकन लोक आले आणि त्यांनी ते पडके वाडे विकत घेतले. फ्रान्सिस मेयस या अमेरिकन प्राध्यापिकेने १९९० साली कोर्तोनाजवळ असाच एक ओसाड बंगला घेतला आणि त्यावर १९९६ साली ‘अंडर द टस्कन सन’ हे पुस्तक लिहिलं. त्याचा सिनेमा झाला आणि कोर्तोनात पर्यटकांची रीघ लागली.

म्हणजे टस्कनी व्हायला जे मुख्य भांडवल लागतं ते आम्हीही नेटाने जमा करतो आहोत: रिकामी घरं. आमची पोरं पुण्याला गेली आहेत, चाकणला गेली आहेत, जी राहिली ती एमपीएससीच्या अभ्यासिकेत आहेत. नीती आयोगाने २०१८ साली वाशीमला आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातलं. पोरांनी आकांक्षा तेवढी घेतली आणि जिल्हा इथंच ठेवला. आणखी पन्नास वर्षं कळ काढा. एखादी अमेरिकन बाई मालेगाव तालुक्यात पडका वाडा घेईल, त्यावर पुस्तक लिहील, आणि ते वाचून आमची नातवंडं वाशीमला यायचं बुकिंग करतील.

फरक एवढाच, की इटलीने १९८५ साली कायदा करून पाहुणे ठेवायचा हक्क शेती करणाऱ्यालाच दिला. आधी शेती, मग पाहुणचार. महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण आलं २०२० साली. आमच्याकडे पाहुणचार कायद्याची वाट पाहत नव्हता म्हणा. हिवाळ्यात हुरडा, गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, आणि "घ्या नं, काहीच खाल्लं नाही तुमी" हा आग्रह. बिल नाही, म्हणून किंमत नाही. तिकडे वहिनींनी शिळा पाव आणि घेवडा पुन्हा उकळून केलेली आमटी वाहवा करत संपवली. गरिबांच्या चुलीवरचा जुना पदार्थ आहे तो. घरी शिळ्या भाकरीचे कुटके केले, तर भाऊसाहेब म्हणतात, म्हशीला घाला.

आता शिरपूर. पिसाचा मनोरा वाकडा आहे म्हणून जग तिकडे लोटतं. भाऊसाहेबांनीही हात पुढे करून त्याला धरल्याचा फोटो काढला आहे. तो काढल्याशिवाय विमानात बसू देत नसावेत. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती आहे. ती जमिनीला टेकलेली नाही अशी श्रद्धा, आणि एके काळी तिच्या खालून घोडेस्वार जात असे अशी आख्यायिका. मनोरा नुसता कलतो त्याचं एवढं कौतुक, आणि इथं मूर्ती अधांतरी असून भाऊसाहेबांना फुरसत नाही. मनोरा पडू नये म्हणून १९९० ते २००१ तो बंद ठेवला होता, अकरा वर्षं. शिरपूरचं मंदिर दोन पंथांच्या वादात १९८१ पासून कुलपात होतं, ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२३ साली उघडलं. बेचाळीस वर्षं! मनोरा सरळ करणं त्या मानाने सोपं काम.

इतिहासाचं विचाराल तर भाऊसाहेबांनी रोमचे पडके खांब पाहून टोपी काढली होती. पश्चिमेचं रोमन साम्राज्य ४७६ साली कोसळलं. त्याच शतकाच्या उत्तरार्धात वत्सगुल्मच्या वाकाटक हरिषेणाचं राज्य होतं, आणि त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं सोळा क्रमांकाचं लेणं कोरवून घेतलं. हे वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम, जिथं बालाजी मंदिरासमोर गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून वहिनी देवाला बाहेरूनच हात जोडतात. कारंज्याला एका व्यापाऱ्याने हवेली बांधताना चुन्यात कस्तुरी कालवली अशी कथा आहे. नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव तेच, आणि जवळच सोहोळला अठरा चौरस किलोमीटरच्या अभयारण्यात काळविटं आहेत. भाऊसाहेबांच्या फोनमध्ये मात्र कियाना खोऱ्यातल्या एका पांढऱ्या बैलाचे चाळीस फोटो आहेत, सगळ्या बाजूंनी. स्वतःची शेवटची बैलजोडी त्यांनी विकली तेव्हा एकही काढला नव्हता.

"मंग जिल्ह्यात पाह्यचं काय अन् कसं?" वहिनींनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. बहुतेकांना जिल्हा समृद्धी महामार्गावरून ताशी १२० च्या वेगाने दिसतो, म्हणजे दोन टोलच्या मधल्या डुलकीत. पोहरादेवीला ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधान आले, बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. त्या दिवशी भाऊसाहेबांनी ते टीव्हीवर पाहिलं आणि विषय संपला. राहता राहिलं शासकीय पर्यटन विकास. त्याचा नकाशा महाराष्ट्रभर एकच: एक कमान, पेव्हर ब्लॉक, सिमेंटची मशरूम, बंद कारंजं आणि लाल बदामाचा सेल्फी पॉइंट. त्यापलीकडे देऊळ, तलाव किंवा डोंगर असेल तर तो ठेकेदाराच्या नजरचुकीने राहिलेला समजावा.

म्हणून एक नम्र सूचना. टस्कनीतल्या व्हाल दोर्चा खोऱ्यातली आश्चानो-मोंते अंतिको ही रेल्वे तोट्यात म्हणून १९९४ साली नेहमीच्या वाहतुकीला बंद झाली. लोकांनी तिच्यावर सहलीची गाडी सुरू केली. ठरावीक दिवशी जुने डबे, वाफेचं इंजिन, खिडकीत पर्यटक. त्याच १९९४ साली आमच्या शकुंतला या नॅरोगेज गाडीचं वाफेचं इंजिन काढून डिझेलचं लावलं. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं ते इंजिन सत्तर वर्षं मूर्तिजापूर-कारंजा-यवतमाळ ओढत होतं. पुढे गाडीच थांबली. २०१६ साली ब्रॉडगेजची घोषणा झाली. घोषणेला रूळ लागत नाहीत, त्यामुळे ती वेळेवर धावली.

रेल्वे मंत्रालयाला विनंती अशी: ब्रॉडगेज होईल तेव्हा होवो, तोवर मूर्तिजापूर ते कारंजा ही नॅरोगेज शनिवार-रविवारपुरती तरी सोडा. डब्यांना रंग देऊ नका, स्टेशनवरचं गवत कापू नका, गाडी दोन तास उशिरा आणा. फक्त पाटी इटालियनमध्ये लिहा आणि तिकीट युरोत लावा. पहिल्याच फेरीला भाऊसाहेब आणि वहिनी खिडकीजवळची जागा धरून बसलेले असतील, याची हमी मी देतो.