सुरू झाली, बंद पडली

अजिबात सुरू न होणारी गाडी हा सरळ स्वभावाचा आजार आहे. बॅटरी उतरलेली असते, सेल्फ नुसता 'टक्' करतो, चार माणसे धक्का मारतात आणि प्रश्न निदान त्या दिवसापुरता सुटतो. सुरू होऊन लगेच बंद पडणारी गाडी मात्र आधी आशा लावते. सेल्फ फिरतो, इंजिन पकडते, मालक आरसा नीट करतो, पट्टा लावतो, रिव्हर्स टाकायला हात नेतो आणि नेमके तेव्हाच इंजिन गप्प होते.

या आजारात एक गोष्ट इंजिनाने स्वतःच सिद्ध करून दिलेली असते: ते चालू शकते. म्हणजे बॅटरी, सेल्फ, कॉम्प्रेशन आणि ठिणगी हे सगळे क्षणभर तरी शाबूत होते. तरीही बॉनेटभोवती जमणाऱ्या मंडळींतला पहिला माणूस "प्लग गेलाय" असेच म्हणतो. तीन-चार सिलिंडरांचे सगळे प्लग ठरवून एकाच क्षणी संपावर जात नाहीत. एखादा प्लग गेला तर इंजिन मिसिंग करते, थरथरते, पण रखडत का होईना चालत राहते. प्लगचा अपराध इतकाच की तो सहज खोलता येतो, पॉलिश पेपरने घासता येतो आणि त्यावर फुंकर मारून काहीतरी केल्याचे समाधान मिळते.

खऱ्या निदानाला दोन प्रश्न लागतात. गाडी किती वेळाने बंद पडली आणि कशी बंद पडली. दिवा मालवावा तशी एकदम विझली तर संशय विजेवर घ्यावा. आचके देत, घुसमटत गेली तर पेट्रोलवर किंवा हवेवर घ्यावा. हे दोन प्रश्न सोडून गर्दी बाकी सगळे विचारते. सर्व्हिसिंग कधी केले होते, कुठे केले होते आणि तिथे कशाला केले, हेही विचारते.

दर वेळी सुरू होऊन एक-दोन सेकंदांतच बंद पडणाऱ्या नव्या गाडीत आधी डॅशबोर्डवरचा चावीचा किंवा कुलपाचा दिवा पाहावा. तो लुकलुकत असेल तर इमोबिलायझरने मालकाला ओळखलेले नाही. चावीच्या मुठीत एक छोटी चिप असते. तिची खूण पटली नाही की काही गाड्यांचा संगणक इंजिनाला क्षणभर चालू देतो आणि मग पेट्रोल तोडतो. एकाच कडीत दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी अडकवलेली असली तरी घोटाळा होऊ शकतो. कडीतून चावी सुटी करावी किंवा घरातली दुसरी चावी लावून पाहावी. या तपासणीला एक पैसा लागत नाही. कदाचित म्हणूनच ती शेवटी सुचते.

दिवा निर्दोष निघाला तर कान मागच्या सीटकडे न्यावा. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत चावी 'ऑन'ला नेली की टाकीतला इलेक्ट्रिक पंप दोनेक सेकंद गुणगुणतो आणि पाइपात दाब भरून ठेवतो. गुणगुण ऐकू आली नाही तर पंप, त्याचा रिले किंवा फ्यूज यांच्यापैकी कोणीतरी रजेवर आहे. पाइपात उरलेल्या दाबावर इंजिन एकदा पकडते आणि तो संपला की थांबते. मात्र ही गुणगुण ऐकायची तर गाडीतल्या सर्वांनी दोन सेकंद बोलणे थांबवावे लागते. ही तपासणी बहुधा इथेच फसते.

पाच-दहा सेकंद चालून, ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच बंद पडणारे इंजिन सगळ्यांत जास्त भेटते. रेस देत राहिले तर ते जगते. ही स्लोची तक्रार. पाय उचलला की थ्रॉटल बॉडीतली गोल झडप जवळपास मिटते आणि तिच्या कडेच्या बारीक फटीतून किंवा बाजूच्या छोट्या वाटेने येणाऱ्या हवेवर इंजिनाला मिनिटाला सातशे ते नऊशे फेरे मारायचे असतात. तिथेच कार्बन धरतो. हवेचा रबरी पाइप काढून आत टॉर्च मारली तर झडपेच्या कडेला काळे, चिकट कडे दिसते. क्लीनर मारून फडक्याने ते पुसता येते आणि कित्येक गाड्यांचा आजार तिथेच संपतो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप मात्र बोटाने रेटू नये, तिची मोटर बिघडते. शिवाय सफाईनंतर काही गाड्यांना नवा स्लो शिकवावा लागतो. तोवर गाडी आणखी विचित्र वागते आणि बिचारा मेस्त्री शिव्या खातो.

उलट टोकाचा आजार म्हणजे हवा जास्त होणे. साधारण १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल, वजनाने, असा हिशेब संगणक सांभाळत असतो. एअर फिल्टरनंतरचा पाइप चिरला किंवा व्हॅक्यूमची एखादी नळी निसटली की न मोजलेली हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होते. स्लोवर कान दिल्यास 'सूंऽऽ' ऐकू येते. नळ्या आणि वायरी कुरतडण्याचे काम पावसाळ्यात उंदीर नेटाने करतात. त्यावर बॉनेटखाली तंबाखूची पाने बांधण्याचा उपाय घरोघरी सांगितला जातो. उंदरांनी तो अजून एकमताने मान्य केलेला नाही.

गार इंजिनाला दाट मिश्रण लागते. कार्ब्युरेटरच्या काळात ते काम चोक करी. आता शीतजलाचे तापमान सांगणारा सेन्सर करतो. तो खोटे बोलून गार इंजिनाला गरम ठरवू लागला की पहाटेची गाडी उपाशी राहून बंद पडते आणि दुपारी शहाण्यासारखी वागते.

जुन्या गाड्यांतला सर्वांत रसाळ प्रकार मुंबईच्या पद्मिनीने गाजवला. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही १०८९ सीसीची गाडी मुंबईच्या टॅक्सीसेवेतून ऑक्टोबर २०२३ मध्ये बाहेर पडली. तिचा पेट्रोल पंप, मेस्त्रींच्या भाषेत एसी पंप, इंजिनालाच चिकटलेला असे. खंडाळ्याचा घाट चढून गाडी वड्यासाठी थांबे. इंजिन थांबले की पंखाही थांबतो, बॉनेटखालची उष्णता कोंडते आणि पंपात, नळीत पेट्रोलची वाफ होते. वडे संपल्यावर गाडी रुबाबात सुरू होई, कारण कार्ब्युरेटरच्या वाटीत घोटभर पेट्रोल उरलेले असे. ते संपेपर्यंत गाडी वळणापर्यंत पोहोचलेली असे. मग ओले फडके पंपावर ठेवून सगळे कुटुंब रस्त्याच्या कडेला उभे राही. हा उपाय अडाणी दिसला तरी शास्त्रशुद्ध होता: पंप गार, वाफेचे पुन्हा पेट्रोल, गाडी चालू.

गरम झाल्यावर एकदम विझणारी आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होणारी आजची गाडी बहुधा क्रँक सेन्सरकडे बोट दाखवते. इंजिन फिरत असतानाच आरपीएमचा काटा धपकन शून्यावर आला तर संशय बळावतो. डिझेलमध्ये पहिला प्रश्न हवेचा. फिल्टर बदलताना पाइपात हवा राहिली की गाडी सुरू होऊन बंद पडते. जिथे हातपंप आहे तिथे तो कडक होईपर्यंत दाबावा.

राहता राहिला स्कॅनर. तो लावला की कोड येतो आणि गर्दी "सेन्सर गेलाय" म्हणते; प्लगची गादी आता सेन्सरकडे आली आहे. पण पी०१७१ हा कोड मिश्रण पातळ आहे एवढेच सांगतो. पातळ कोणी केले ते सांगत नाही. फाटलेल्या नळीसाठी महागडा ऑक्सिजन सेन्सर बदलल्यावर तोच कोड पुन्हा हजर होतो.

सकाळी गार असताना बंद पडणारी गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेली की वाटेतच गरम होते आणि मेस्त्रीसमोर अगदी गुणी वागते. अशी गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजवर सोडून यावी आणि सकाळचा पहिला सेल्फ मेस्त्रीलाच मारू द्यावा.