रिंगणं आणि व्याख्या

पुतण्या बडोद्याला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकतो. रविवारी आमच्याकडे पादरा गावी येतो तो धुवायचे कपडे आणि न वाचलेली पुस्तकं घेऊन. कपडे काकूच्या वाट्याला, पुस्तकं माझ्या. गेल्या खेपेला त्यात पॉर्फिरी निघाला.

हा तिसऱ्या शतकातला, टायर शहराचा. ॲरिस्टॉटलशी अडखळणाऱ्या एका रोमन ओळखीच्यासाठी त्यानं ‘इसागोगे’ म्हणजे ‘प्रवेश’ ही पुस्तिका लिहिली. पुढे लॅटिन, सिरियाक, अरबी भाषांतरांतून हजारेक वर्षं पोरांना तर्काचा उंबरठा तिनंच ओलांडायला लावला. सगळा खेळ पाच शब्दांचा: जाती, उपजाती, भेद, खास धर्म आणि वरवरचे गुण. ‘प्राणी’ ही माणसाची जाती, विचारशक्ती हा भेद. काळं-गोरं असणं वरवरचं. आणि खास धर्म? हसता येणं! तर्काच्या पहिल्याच पुस्तकात हसण्याला खुर्ची देणारा मास्तर मला तरी दुसरा भेटलेला नाही. शिवाय गडी धूर्त. या जाती खरोखर असतात की नुसत्या आपल्या डोक्यात, हा प्रश्न तो सुरुवातीलाच काढतो आणि ‘फार खोल आहे, आत्ता नको’ म्हणून बाजूला ठेवतो. मध्ययुगातले पंडित मग नेमके त्याच प्रश्नावर शतकानुशतकं भांडत बसले.

आपल्याकडे हे काम अन्नंभट्टांनी केलं, सतराव्या शतकात, ‘तर्कसंग्रह’ लिहून. तोही बाळबोधच. व्याख्येचे तीन दोष शिकवायला त्यावरच्या त्यांच्याच टीकेत बिचारी गाय उभी असते. गाय म्हणजे तपकिरी प्राणी म्हणाल तर पांढऱ्या गायी बाहेर राहतात, ही अव्याप्ती. शिंगांचा प्राणी म्हणाल तर म्हैस आत शिरते, ही अतिव्याप्ती. एक खुराचा म्हणाल तर तशी गायच नसते, हा असंभव. प्लेटोनं माणसाला ‘दोन पायांचा, पिसं नसलेला प्राणी’ म्हटलं, तेव्हा डायोजेनिस पिसं उपटलेला कोंबडा घेऊन वर्गात गेला, अशी गोष्ट आहे. अतिव्याप्तीचा याहून चांगला तास कुणी घेतला नसेल. कोंबड्याला मात्र कुणी विचारलं नाही.

‘काका, मग आपली व्याख्या काय?’ पुतण्यानं विचारलं. आपली म्हणजे गायकवाडांच्या मागोमाग इकडे आलेल्यांची.

मी म्हटलं, जो घरात मराठी बोलतो तो. काकू आतून म्हणाली, ‘सकाळीच तुम्ही “कोथमीर संपली, बटाके आणतो” म्हणालात.’ अव्याप्ती, पहिला बाहेर पडलो तो मीच. बरं, जो आमटीत गूळ घालतो तो? सगळं गुजरात आत आलं. सेव-उसळीवर तरी मागतो तो? त्या गाडीवर तर बडोद्यात सगळ्या जाती-उपजाती एकाच बाकावर बसतात. अरविंदबाबू घोष १८९३ ते १९०६ बडोद्यात होते. केंब्रिजमधून ग्रीक पक्कं करून आलेले, इथे मराठी शिकले. त्यांना विचारायला हवं होतं, पण आपल्याला उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीबाजारात गेलो. रिंगणं घेताना (वांगी म्हणायची सवय कधीच गेली) नेहमीच्या भाजीवाल्याला विचारलं, ‘भाई, मी मराठी आहे हे तुला कशावरून कळतं?’

त्यानं तराजू खाली ठेवला. पॉर्फिरीला वेळ लागला असता, याला लागला नाही.

‘काका, गुजराती होत तो पहेलां भाव पूछ्यो होत.’

मी हसलो. निदान माणूस असल्याचं तरी सिद्ध झालं. आणि व्याख्या एवढी नेटकी की अर्धा किलो रिंगणं भाव न विचारताच घेतली.

घरी पिशवी ओट्यावर ठेवली. पुण्यात जन्मलेल्या, पुण्यातच वाढलेल्या माझ्या बायकोनं आत डोकावून बघितलं.

‘कितीला आणलीत?’