कात्रीने दिलेली बढती

कंपनीत बढती कोण देतं, असं विचारलं की अप्रेझल, रेटिंग, कमिटी, साहेबांची सही अशी सगळी वरात पुढे येते. माझं म्हणणं असं, की माणसाला वर चढवण्याचा आणि खाली उतरवण्याचा सगळ्यात झटपट अधिकार एच.आर.मधल्या सगळ्यात नव्या पोराकडे असतो. "सगळ्यांचे फोटो टाकून तेवढा ऑर्ग चार्ट करून टाक रे, संध्याकाळपर्यंत," असं ज्याला जाता जाता सांगितलेलं असतं, तो. कोण कोणाच्या हाताखाली हे रेघा सांगतात, आणि रेघा वरून ठरून आलेल्या असतात. पण गोलात कोणाचं डोकं केवढं दिसणार हे त्याचा माउस ठरवतो. आणि बघणारा आधी डोकी बघतो, रेघा मागाहून, त्याही स्वतःच्या नावाजवळच्या.

हे कोणाला कुरकुऱ्या माणसाचं निरीक्षण वाटेल, म्हणून पुरावा देतो. १९८३ साली डेन आर्चर या अमेरिकन समाजमानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर छापील फोटोंवर चक्क पट्टी ठेवली. डोक्यापासून हनुवटीपर्यंतचं अंतर, भागिले डोक्यापासून फोटोत दिसणाऱ्या शेवटच्या टोकापर्यंतचं अंतर. पुरुषांच्या फोटोत चेहरा जास्त आणि बायकांच्या फोटोत बाकीचं अंग जास्त, असं निघालं. यात कोणाला नवल वाटायचं कारण नाही. नवल पुढे आहे. एकाच माणसाचा फोटो कमी-जास्त कापून दाखवला, तेव्हा ज्यात चेहऱ्याने जागा जास्त अडवली होती त्यातला माणूस लोकांना अधिक हुशार आणि महत्त्वाकांक्षी वाटला. फरक फक्त कात्रीचा. आपल्याकडच्या फ्लेक्सवाल्याला हे शिकवायला कोणी प्राध्यापक लागला नाही. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर नेत्याचा चेहरा पुरुषभर उंच, जिल्हाध्यक्षांचा त्याच्या पाव, आणि शुभेच्छुक तळाला टिकलीएवढ्या गोलात. पक्षातली उतरंड त्याला इंचात पाठ असते. शिवाय तो काही लपवत नाही. ऑफिसचा तक्ता मात्र सगळ्यांना एका मापाचे गोल देऊन समतेचा आव आणतो, आणि उतरंड गुपचूप गोलाच्या आत करतो.

आत काय होतं ते बघण्यासारखं आहे. 'फोटो पाठवा' असा मेल गेला की कर्मचारी जे पाठवतात ते म्हणजे महाराष्ट्राचं समग्र छायाचित्रण असतं. एकाचा पासपोर्ट साइज, जुन्या फॉर्मवरून मोबाइलने काढलेला, खांद्यावर शिक्क्याचा अर्धा जांभळा गोल आणि कपाळाशी स्टेपलरच्या पिनेची दोन भोकं. दुसऱ्याचा सिंहगडावरचा, पायातल्या बुटांपासून मागच्या टॉवरपर्यंत सगळं काही, गॉगल लावून. तिसरीचा लग्नातला, नवरा कापला गेलाय, पण खांद्यावर त्याची चार बोटं उरली आहेत. चौथ्याचा गाडीतला सेल्फी, सीटबेल्टसकट. आता हिशोब करा. उभ्या, तीनास चार मापाच्या फोटोतून चौकोन काढला की पाव भाग जातो. त्या चौकोनातून गोल काढला की चारी कोपरे मिळून आणखी साडेएकवीस टक्के जातात. मूळ फोटोतले शंभरातले ५९ भाग उरतात. या ५९ भागांत सेल्फीवाला ट्रेनी कानापासून कानापर्यंत भरून राहतो, आणि वीस वर्षं अकाउंट्स सांभाळणारे जोशीकाका सिंहगडाच्या पायऱ्यांवर मोहरीएवढे उभे असतात. नवीन आलेला माणूस सही कोणाकडे मागायला जाईल, ते तुम्हीच सांगा. (आणि कापलेलं जातं असंही समजू नका. पॉवरपॉइंटमध्ये कापलेला भाग मुद्दाम पुसला नाही तर फाइलीतच राहतो. तिथून तो कोणीही परत बाहेर ओढू शकतं.)

यावर पहिला आक्षेप येतो तो, "सॉफ्टवेअर करतं की आपोआप!" करतं. पॉवरपॉइंट फोटोचा मध्य धरतो, आणि उभ्या फोटोचा मध्य बहुतेकांच्या बाबतीत शर्टाच्या तिसऱ्या बटणाशी येतो. याहून हुशार यंत्राचाही अनुभव जगाने घेतलाय. फोटोतला लक्षवेधी भाग ओळखून कापणारी यंत्रणा ट्विटरने २०१८मध्ये आणली. २०२०मध्ये लोकांनी तक्रारींचा गदारोळ केला, आणि २०२१मध्ये कंपनीच्याच तपासणीत निघालं, की यंत्राचा कल काळ्यांपेक्षा गोऱ्यांकडे थोडा झुकलेला आहे. कापाकापी माणसांवरच सोपवलेली बरी, असं शेवटी त्यांनीच म्हटलं.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. एकच फोटोग्राफर बोलवा, एका दिवशी, एका पडद्यासमोर सगळ्यांचे फोटो काढा. ही कल्पना एकोणिसाव्या शतकातच पॅरिसच्या पोलिस खात्यात आल्फाँस बर्टियाँने अमलात आणली होती: ठरलेलं अंतर, ठरलेली खुर्ची, ठरलेला उजेड. माप बिनचूक आलं, पण गिऱ्हाईक आरोपी होतं. शिवाय आरोपी रजेवर नसतात आणि दर महिन्याला नवे जॉइन झाले तरी खुर्ची तिथेच असते. कंपनीचं तसं नाही. अर्धी माणसं चाकणच्या प्लँटवर, दोघं घरून काम करणारी, आणि फोटोग्राफर पुन्हा बोलवायचं बजेट पुढच्या वर्षी.

तिसरे म्हणतात, फोटो हवेत कशाला? १८५५ साली न्यूयॉर्क अँड इरी रेल्वेच्या डॅनिअल मॅकॅलमने केलेला तक्ता जगातल्या पहिल्या काही ऑर्ग चार्टांपैकी समजला जातो. त्यात एकही चेहरा नव्हता. झाडासारखं चित्र, संचालक मुळाशी खाली, आणि गाड्या चालवणारी माणसं वर फांद्यांवर. मला तो फार आवडतो. पण तीन मजल्यांच्या ऑफिसात नव्या माणसाला चेहऱ्याचाच आधार असतो, 'सीनिअर मॅनेजर, ऑपरेशन्स' या हुद्द्याच्या पाच जणांत त्याने शोधायचं कोणाला? फोटो राहू द्या. मोजायची गोष्ट बदला.

चौकट मोजू नका, चेहरा मोजा. तोही डोक्याच्या वरच्या टोकापासून नको. तिथे कोणाचा फेटा असतो, कोणाची पगडी, कोणाचा गजऱ्यासकट अंबाडा, आणि कोणाचं टक्कल. भुवईपासून हनुवटीपर्यंतचं अंतर सगळ्यांचं सारखं ठेवा, डोळे सगळ्यांचे एका रेघेत आणा, कान कापले गेले तर जाऊ द्या. ज्यांचा फोटो एवढा मोठा केल्यावर फाटतो त्यांच्याकडून नवा मागवा, नवऱ्याशिवायचा. आणि एच.आर.मधल्या त्या नव्या मुलाला विनंती: सुरुवात एमडींच्या फोटोपासून कर. एकदा त्यांचं डोकं मापात बसलं की बाकी कोणी तक्रार घेऊन येत नाही.