पासिंग

पुढच्या गाडीनं इंडिकेटर न देता लेन बदलली, किंवा डावीकडून कुणी कट मारून गेला, की सर्वसाधारण माणूस त्या ड्रायव्हरच्या आईवडिलांपर्यंत पोचतो. आमचे दाजी आरटीओपर्यंत पोचतात. "पासिंग बघ, पासिंग," म्हणतात. त्यापुढं त्या ड्रायव्हरबद्दल आणखी काही जाणून घ्यायची त्यांना गरज उरत नाही.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून दाजी स्वतः गाडी क्वचितच चालवतात. पण साताऱ्याहून पुण्याला कुणाचीही गाडी निघू दे, पुढची डावी सीट त्यांची. मागं ताई, नातवंडं आणि पिशव्या. गाडी हायवेला लागली की कपाळावरचा चष्मा नाकावर येतो, समोरच्या पाटीवरचे दोन आकडे वाचले जातात आणि ज्योतिष्यानं पत्रिका उलगडावी तसं भविष्य सुरू होतं.

"बारा. पुणं. नो एंट्रीतनं येणार आणि वर आपल्यालाच नियम शिकवणार."

"चौदा. पिंपरी-चिंचवड. गाडी नवी, हप्ता ताजा. स्वतः भिऊन चालवणार आणि आपल्याला भिववणार."

"शून्य चार. ठाणं. ह्याला दोन गाड्यांमधली जागा मोकळी बघवत न्हाई."

"नऊ. कोल्हापूर. ह्यो थांबणार न्हाई, आपणच थांब."

"एकतीस. आरं बाबा, नागपूर! एवढ्या लांबनं आलाय, झोपंत असंल. लांब ऱ्हा."

एमएच १० बद्दल मात्र ते काही बोलत नाहीत. सांगली त्यांची सासुरवाडी. ताईला मागं डुलकी लागली असेल तरच हळू आवाजात माझ्याकडं झुकून दोन शब्द सांगतात, आणि तेही छापण्यासारखे नसतात.

राहिला ११. साताऱ्याची एक बोलेरो भर दुपारी राँग साइडनं, हेडलाइट पेटवून, समोरून आली होती. मी ब्रेकवर उभा. दाजी शांत. "आपला माणूस हाय. घाई असंल. दवाखान्यात निघाला असंल." पाच किलोमीटरवर दुसरी ११, दुभाजकाच्या फटीतून आडवी घुसली. तिचंही कुणीतरी दवाखान्यात होतं. तेव्हा मागून ताई म्हणाली, "अहो, सगळा सातारा आज ॲडमिट आहे का?"

दाजींचा अभ्यास कच्चा आहे असं कुणी म्हणू नये. १९८९ मध्ये 'एमएच'ची पद्धत सुरू झाली तेव्हापासूनचे सगळे आकडे त्यांना पाठ आहेत. बारामतीचा ४२, वाशीचा ४३, वसईचा ४८, नागपूर पूर्वचा ४९. त्यांच्या आयुष्यातला मोठा पेच उभा राहिला तो कराडला वेगळा ५० मिळाला तेव्हा. तोवर कराडची गाडी म्हणजे घरचीच, तिचा प्रत्येक गुन्हा दवाखान्याच्या खात्यात जमा व्हायचा. नवा आकडा रस्त्यावर आल्यावर काही महिन्यांतच दाजींना कराडकरांचे दोष दिसू लागले. "पन्नासवाले जरा वळणावर दाबतात," ते गंभीरपणे म्हणाले. जिल्हा तोच, माणसं तीच, वळणही तेच. तरी पाहणी स्वतंत्र.

आता यात काहीच तथ्य नाही असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मुलूख बदलला की गाडी चालवायची तऱ्हा बदलते, हे या रस्त्यांवर फिरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण ती तऱ्हा माणसाच्या रक्तातून येत नाही, तो ज्या रस्त्यावर शिकला तिथून येते. सिंधुदुर्गात एसटीचा ड्रायव्हर प्रत्येक वळणाला हॉर्न देतो, कारण पलीकडून काय येतंय ते झाडीमुळं दिसत नाही. तिथं तो हॉर्न म्हणजे सभ्यता. तोच माणूस कोथरूडच्या गल्लीत तसाच वाजवत आला की उद्धट ठरतो. मुंबईत शिकलेल्याला पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा म्हणणं फुकट आहे, कारण ठेवलेल्या अंतरात लगेच एक रिक्षा येऊन उभी राहते. हॉर्नचंही तेच. २०२० च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी सिग्नलला आवाज मोजायची यंत्रं लावल्याचं जाहीर केलं होतं. गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू. वाजवा आणि थांबा! दाजींना ती कल्पना इतकी आवडली की हे पुण्यात करावं असं ते वर्षभर सांगत होते. साताऱ्यात करावं असं म्हणाले नाहीत.

आणि आमच्याकडं, सांगली-कोल्हापूरला, गाडी रस्त्याच्या मधोमध ठेवायची खोड आहे, ती मी नाकारत नाही. ऊसतोड सुरू झाली की रात्री रस्त्याच्या डाव्या कडेला काय उभं असेल सांगता येत नाही. ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांच्या बाहेर हातभर आलेला ऊस, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. पुढं ट्रॅक्टरवर मात्र रंगीत दिवे आणि गाणी जोरात. ज्याच्याकडून धोका आहे ते टोक अंधारात आणि ज्याच्याकडून नाही ते टोक लग्नघर. अशा रस्त्यावर दोन-चार हंगाम काढलेला माणूस एक्सप्रेसवेवरही डावी लेन टाळतो. मागचा मुंबईकर डिपर मारमारून थकतो आणि त्याला 'गावठी' म्हणतो.

दाजींना हा युक्तिवाद पटत नाही. त्यांना कारण नको असतं, माणूस हवा असतो. नवले पुलाचंच घ्या. कात्रजचा नवा बोगदा संपला की पुण्याकडं लांबलचक उतार लागतो. डिझेल वाचवायला काही ट्रकवाले तिथं गाडी न्यूट्रलला टाकतात. मग इंजिनाचा धरबंद राहत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि खाली पुलाशी पोचेपर्यंत निकामी होतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड गाडीनं तिथं दोन डझन तरी गाड्या चेपल्या. उताराचा तिढा किती वर्षं चालू आहे! दाजींचं निदान मात्र एका शब्दाचं: "भायेरचे." आम्ही त्या उतारावर असलो की ते दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून ट्रकांच्या पाट्या वाचत असतात. राजस्थान, गुजरात, तामिळनाडू. एखादा सातारचा ट्रक धुरळा उडवत शेजारून गेला की डोळे मिटतात. मला वाटायचं, भीतीनं.

डॅशबोर्ड धरावा लागतो, कारण बेल्ट लावलेला नसतो. तो त्यांच्या खांद्यावर उपरण्यासारखा टाकलेला असतो. लांबून पोलीस दिसला की हातानं कमरेपर्यंत ओढून धरायचा आणि मागं पडला की सोडायचा. गाडीनं टुंगटुंग करू नये म्हणून त्यांच्या खिशात एक क्लिप असते. कुणाच्याही गाडीत बसले की ती आधी खाचेत बसते. अशा क्लिपा विकू नका असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२३ मध्ये मोठमोठ्या ऑनलाइन दुकानांना बजावलं, तेरा हजारांवर जाहिराती उतरवायला लावल्या. मी हे दाजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बरं झालं बाबा. मी आधीच घेऊन ठेवलीय." मागच्या सीटवरही बेल्ट बंधनकारक आहे हे सांगून मी ताईला तेवढा लावायला शिकवला. आता ती लावते, नातवंडांनाही लावते, आणि दाजी मागं वळून म्हणतात, "तुला कशाला? तू तर मागं."

या माणसावर एकदाच आभाळ कोसळलं. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी पुण्यातून एक सेकंडहँड गाडी घेतली. राज्यातल्या राज्यात मालक आणि पत्ता बदलला तरी नंबर बदलत नाही. म्हणजे १२ ची ती जन्मभर १२. पोवई नाक्यावर ते हिरवा दिवा लागल्यावरही जरा रेंगाळले असतील. मागच्या मोटारसायकलवरचा पोरगा ओरडला, "ओ पुणेकर, चला की! दुपारची झोप झाली न्हाई का?"

दाजी घरी आले ते चहा न घेता झोपले. दुसऱ्या दिवशी मागच्या काचेवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 'सातारकर' अशी हातभर अक्षरं आली, शेजारी अजिंक्यताऱ्याचं चित्र. आरशातून मागचं आता काही म्हणजे काही दिसत नाही, पण मागं बघून गाडी चालवणाऱ्यांतले दाजी कधीच नव्हते. अडचण वेगळीच झाली. साताऱ्यात लोक पाटी वाचून शिव्या देतात आणि पुण्यात काच वाचून.

पेठ नाक्याजवळ एका हॉटेलाच्या दारात आमच्या गाडीमागं एक गाडी आडवी लावलेली होती. केए २२. दाजी खुशीत आले. "कर्नाटक! बोल बिनधास्त, ह्यांना कायबी कळायचं न्हाई," म्हणून त्यांनी स्वतःच सुरुवात केली, आणि सातारी मराठीत जे जे उत्तम आहे ते सगळं काढलं. दोन पायऱ्यांवर चहा पीत उभा असलेला माणूस सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "काका, आम्ही खानापूरचे. गाडी काढतो, पण आधी चहा संपवू द्या. तुमचंपण अजून संपलेलं दिसत नाही."

दाजींनी क्षणभर विचार केला आणि गावातल्या देवळाची चौकशी केली. मग यात्रेची. मग कुणाच्या तरी चुलत साडूची. साडू निघाला. वीस मिनिटांनी त्या माणसानं दाजींना पुढच्या जत्रेचं आवतण दिलं आणि गाडी मागं घेताना पार्किंगचा खांब ठोकला. दाजींनी हात हलवून निरोप दिला. गाडीत बसल्यावर म्हणाले, "बेळगावकडची माणसं गाडीला लई शिस्तीत असतात."

हल्ली मात्र ते जरा खचलेत. परवा खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर आम्ही रांगेत होतो. एका लांबलचक पांढऱ्या गाडीनं उजवीकडून येऊन आमच्यापुढं थेट नाक घुसवलं. दाजींचा चष्मा खाली आला, तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. पाटीवर आधी २२, मग बीएच. २०२१ पासून निघालेली भारत मालिका. वारंवार बदली होणाऱ्या नोकरदारांसाठी, त्यात कुठलं राज्य नाही की जिल्हा नाही. फक्त साल.

"कुठला असंल?" त्यांनी मला विचारलं. हा प्रश्न त्यांनी कधी कुणाला विचारलेला मी ऐकला नव्हता.

"कुठलाही असेल, दाजी. साताऱ्याचासुद्धा."

टोल गेला, शिवापूर गेलं, बोगदा आला. उतारावर दाजींनी सवयीनं डॅशबोर्ड धरला. बोलले ते थेट नवले पुलाखाली. "बदलीवाला हाय. चार गावचे वाईट गुण गोळा झाल्यात त्याच्यात."

"आणि साताऱ्याचा असला तर?" ताईनं मागून विचारलं.

"मग तीनच गावचे."