उत्स्फूर्तपणाची रंगीत तालीम

परदेशी शिक्षण-नोकरीसाठी लागणाऱ्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या क्लासमध्ये इंग्रजी शिकवतात, हा गैरसमज आधी दूर करायला हवा. तिथे परीक्षा शिकवतात. लेखनाच्या दुसऱ्या प्रश्नात ४० मिनिटांत किमान २५० शब्द लिहायचे. म्हणून विषय शहरीकरणाचा असो की प्राणिसंग्रहालयाचा, साचा एकच: दोन्ही बाजू मांडा, शेवटी आपलं मत चिकटवा. तोंडी परीक्षेत एक मिनिट तयारी करून दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. म्हणून उमेदवार कधीच न केलेला अविस्मरणीय प्रवास घोकून येतो. परीक्षकही काही कच्चे नसतात, पाठांतर ओळखलं की गुण कापतात. त्यावर उतारा म्हणून ‘अं... लेट मी थिंक’ हेही पाठ करून घेतलं जातं.

कोणी म्हणेल, परदेशी रुग्णालयाने भाषा पारखायची तरी कशी? प्रश्न रास्त आहे. औषधाचा डोस चुकीचा ऐकणारी नर्स कोणालाच नको, मोजपट्टी हवीच. पण ब्रिटनच्या नर्सिंग नोंदणीसाठी श्रवण, वाचन, संभाषणात ७ आणि लेखनात ६.५ बँड लागतात, तिथे अर्ध्या बँडने अडकलेली नर्स रजा टाकून बसते ती प्राणिसंग्रहालयावर निबंध गिरवत. शिवाय निकालाची मुदत साधारण दोन वर्षं. वापरली नाही तर भाषा गंजते, हे कारण. गंजते खरी, पण रोज इंग्रजीत काम करणाऱ्यालाही मुदत संपल्यावर अनेकदा पुन्हा फी भरावी लागते. भाषा गंजो न गंजो, गल्ला मात्र लखलखीत राहतो.